घाटात बंद पडणारा कॉम्प्युटर

शहागंजात माझं दुकान होतं तेव्हा जिना चढून येणारं प्रत्येक नवं गिऱ्हाईक आधी माझ्या खांद्यावरून मागं बघायचं आणि विचारायचं, "साहेब कुठंयत?" मी हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली न ठेवता म्हणायची, "साहेब जेवायला गेलेत. तोवर मला दाखवा." दुकानात साहेब कधी नव्हतेच, मी एकटी होते. सव्वीस वर्षांत साहेबांचं जेवण काही उरकलं नाही.

मागच्या वर्षी दुकान बंद केलं. आता लोक वस्तू बिघडली की नवी घेतात, आणि माझे डोळेही बारीक स्क्रू बघून पाणावतात. पण अजून सकाळी दहा वाजले की बोटं शिवशिवतात. खालच्या अत्तरवाल्याचा वास, कापडवाल्यांची ओरड, आणि टेबलावर उघडून ठेवलेला कुणाचा तरी कॉम्प्युटर. उघडल्यावर आधी मी त्याचा वास घ्यायची. जळका वास वेगळा, कुबट वास वेगळा, आत मेलेल्या पालीचा वास तर ओळखावाच लागत नाही. माझ्या धंद्यात निम्मे आजार धुळीचे, पाव विजेचे आणि उरलेले माणसांचे.

मी कन्नड तालुक्यातल्या शेतकरी घरातली. आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स घेतलं तेव्हा वर्गात आम्ही दोघीच मुली. दुसरीनं लग्नानंतर सोडलं, मी लग्नानंतरही रेटलं. आधी रेडिओ, मग टीव्ही, मग कॉम्प्युटर. एक पत्रिका छापणारे काका दर लग्नसराईत कीबोर्ड घेऊन यायचे. उलटा करून झटकला की पसाभर मुरमुरे पडायचे. काका म्हणायचे, "हे कुठनं आलं बुवा?" आणि स्वतःच्या खिशात हात घालून पुढचा बकाणा भरायचे. एक वकील आपला कॉम्प्युटर गोधडीत गुंडाळून रिक्षानं आणायचे आणि मी तपासत असताना बाहेर जिन्यात येरझाऱ्या घालायचे. अशी माणसं आठवली की एकटीच हसते.

दुरुस्त केलेल्या गोष्टी आपण चारचौघांत सांगतो. चुकलेल्या पोटात ठेवतो. माझ्या पोटातली एक इथं सांगते.

खुलताबादला हमीदभाई राहतात. एसटीच्या लाल गाडीवर ड्रायव्हर होते, तीस वर्षं. आयुष्यात एक अपघात नाही, त्याचा बिल्ला त्यांना मिळालेला. निवृत्त झाले आणि पाठोपाठ साखरेनं पाय धरला. उजवा पाय गुडघ्याच्या वर कापावा लागला. त्यानंतर माणूस खोलीच्या बाहेर येईना. बोलायचंही बंद झालं. त्यांची मुलगी नसरीन शाळेत शिक्षिका आहे, ती एक दिवस माझ्या दुकानात आली आणि म्हणाली, "ताई, गाडी चालवायचा गेम असतो ना, तो चालेल असा कॉम्प्युटर बनवून द्या. स्टिअरिंगसकट. अब्बांसाठी."

मी लई हौसेनं बनवला. स्टिअरिंग टेबलाला पक्कं बसवलं. ब्रेक आणि ॲक्सिलरेटर उजव्या पायानं दाबायचे असतात आणि तोच पाय नव्हता, म्हणून स्टिअरिंगच्या मागं दोन पट्ट्या असतात त्यांच्यावर ते आणून दिले. सगळं हातात. कुणा हौशी पोरांनी त्या खेळात आपली लाल गाडी तयार करून ठेवली होती, ती घातली. हमीदभाई पहिल्यांदा बसले तेव्हा त्यांनी गाडी सुरू केली नाही. आधी आरसे नीट करायचं बटण कुठंय ते नसरीनला विचारलं. बापलेकीत कित्येक महिन्यांनी झालेलं ते पहिलं बोलणं, असं नसरीननं मला नंतर सांगितलं.

मग त्यांचे जुने कंडक्टर येऊ लागले. अंबादास साळवे, राहणार छावणी; हमीदभाई त्यांना मास्तर म्हणतात. दोघांनी बरीच वर्षं एकाच गाडीवर ड्युटी केलेली. दर गुरुवारी साळवे बसनं खुलताबादला जायचे, हमीदभाईंच्या शेजारी खुर्ची टाकून बसायचे, आणि तिकिटाला भोक पाडायचा जुना चिमटा स्टीलच्या पेल्यावर दोनदा वाजवायचे. टिंग टिंग. गाडी निघाली. दोन म्हातारे दुपारभर डोंगरातनं हिंडायचे आणि कुठल्या गावच्या सरपंचानं कधी फुकट प्रवास केला त्यावर भांडायचे.

असं दोन वर्षं चाललं. मग नसरीननं वडिलांसाठी नवं ग्राफिक्स कार्ड घ्यायचं ठरवलं. ग्राफिक्स कार्ड म्हणजे कॉम्प्युटरमधला चित्रकार. डोंगर, झाडं, रस्ता, सगळं तोच क्षणाक्षणाला काढत असतो. जुना चित्रकार थकला होता, लांबची झाडं पुसट काढायचा. नव्या कार्डाला वीज मात्र जास्त लागते. मी खुलताबादला जाऊन कार्ड बसवलं, दहा मिनिटं चालवून बघितलं, चहा पिऊन परत आले.

दुसऱ्याच दिवशी फोन. गाडी निम्म्या घाटात गेली की स्क्रीन काळी होते आणि कॉम्प्युटर आपोआप बंद होऊन परत सुरू होतो.

मी कॉम्प्युटर दुकानात मागवला. कार्डाचं सॉफ्टवेअर पार काढून नव्यानं टाकलं. मेमरीच्या पट्ट्या पुसल्या, पंखे साफ केले, तापमान बघितलं. माझ्या टेबलावरच्या छोट्या स्क्रीनला जोडून तोच खेळ सकाळपासून दुपारपर्यंत चालवला. एकदाही बंद पडला नाही. मी नसरीनला सांगितलं, "मशीन ठणठणीत आहे. घेऊन जा."

घरी गेला आणि परत घाटात बंद.

इथं माझ्यातली जुनी कारागीर ताठ झाली. माझ्याकडं चालतं, तुमच्याकडं चालत नाही, म्हणजे दोष तुमच्या घराचा. मी मीटर घेऊन गेले. प्लगमधलं अर्थिंग खरंच ढिलं निघालं. मला बरंच वाटलं. अंगणातल्या पेरूच्या झाडाजवळ नसरीननं वायरमनकडून खड्डा खणून घेतला, कोळसा आणि मीठ भरून नवं अर्थिंग करून घेतलं. शाळेला सुट्टी टाकून ती त्या माणसामागं उभी होती.

अर्थिंग झालं त्या गुरुवारी मी मुद्दाम गेले होते. मी अंगणात वायरमनशी बोलत होते आणि आतून साळव्यांचा आवाज आला, "गेली. परत गेली."

नसरीन माझ्याकडं बघत राहिली. उत्तर नाही असं म्हणायची मला सवय नव्हती. टेबलाखाली प्लगचा बोर्ड होता, शेजारी हमीदभाईंची कुबडी टेकवलेली मी आधी पाहिली होती. मी म्हणाले, "अब्बांची कुबडी खालच्या बोर्डाला लागत असणार. त्यांच्या लक्षात येत नसेल. वय झालं की होतं असं."

खिडकी उघडी होती. मला ते दिसत होतं, पण मी आवाज खाली केला नाही.

त्यानंतर फोन आला नाही. मला वाटलं, बोर्ड सरकवला असेल, मिटलं. धंद्यात फोन न येणं ही सगळ्यात चांगली बातमी असते असं मी मानायची.

तीनेक आठवड्यांनी साळवे दुकानाचा जिना चढून आले. त्यांनी "साहेब कुठंयत" विचारलं नाही. धाप लागली होती तरी बसले नाहीत.

"मॅडम, तुम्ही हमीदभाईला म्हणलात का, त्याची कुबडी लागती म्हणून?"

"मी नसरीनला म्हणाले."

"त्यानं ऐकलं. मग काय केलं माहितंय? कुबडी दाराबाहेर ठेवायला लागला. दारापासनं खुर्चीपर्यंत भिंत धरून, लंगडी घालत जायचा. एकदा पडला. तरी घाटात गाडी बंद पडलीच. मग म्हणला, मास्तर, कुबडी नाय, माझे हातच गेलेत. कुठंतरी काहीतरी दाबतोय मी, मला कळत नाय. आता बसत नाय तो. स्टिअरिंगवर चादर टाकलीय. मी गेलो की भिंतीकडं तोंड करून पडतो."

मी काहीतरी बोलायला गेले, त्यांनी हात वर केला. कंडक्टरचा हात होता, गाडी थांबवणारा.

"एकदा खऱ्या घाटात आमचे ब्रेक गेले होते. गाडी खचाखच भरलेली. यानं गाडी दरीकडं जाऊ दिली नाय, डोंगराच्या अंगाला घासत घासत थांबवली. एका माणसाचं डोकं फुटलं नाय. लोक त्याच्या पाया पडत होते. आणि हा उतरून मला काय म्हणला? मास्तर, देखो, मेरी कुछ गलती हुई क्या? आधी सोताची चूक शोधणारा माणूस आहे हा. आन् तुम्ही त्याला आयती चूक दिली."

ते जिना उतरून गेले. टेबलावर एक प्रिंटर उघडा होता, तो मी तसाच सोडला, शटर ओढलं आणि खुलताबादची बस धरली. पिशवीत एक स्क्रू-ड्रायव्हर सोडला तर काही घेतलं नव्हतं.

हमीदभाई खरंच भिंतीकडं तोंड करून पडले होते. मी म्हणाले, "भाई, मला तुमची गाडी बघायची आहे. मी आजवर एकदाही नीट बघितली नाही. तुम्ही चालवा, मी नुसती बसते."

"नक्को बहेन. मेरेसे नै होता अब."

"बंद पडली तर पडू द्या. ती कुठं बंद पडते तेवढंच मला बघायचंय."

नसरीननं स्टिअरिंगवरची चादर काढली. त्यांना उठायला बराच वेळ लागला. मी कुबडी पुढं केली, त्यांनी ती घेतली नाही. भिंत धरून आले. मी मागं खुर्चीवर बसले, प्रवाशासारखी.

गाडी निघाली. आणि मला पहिल्यांदा दिसलं की ते किती सुंदर चालवतात. खेळातल्या मोकळ्या रस्त्यावरसुद्धा वळणाआधी हॉर्न. समोरून ट्रक आला की पुरेसा आधी वेग कमी. मागच्या न दिसणाऱ्या माणसांना हिसका बसू नये म्हणून ब्रेक असा हलका की चहाचा कप सांडला नसता. मी त्यांच्या हातांकडं बघत होते. एकही बोट चुकीच्या जागी जात नव्हतं.

घाट सुरू झाला. एका बाजूला कडा होता तोवर सगळं ठीक. मग वळण संपलं, कडा सरला आणि समोर पूर्ण दरी उघडली. खाली गाव, शेतं, तळं, हजार झाडं. स्क्रीन काळी.

हमीदभाईंनी दोन्ही हात स्टिअरिंगवरून झटकन उचलून वर धरले. "देखो. कुछ दबाया क्या मैंने? देखा ना तुम?"

त्या वर धरलेल्या हातांकडं मला बघवेना. मी समोरच्या काळ्या स्क्रीनकडं बघितलं, आणि तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. ती स्क्रीन नव्हतीच, टीव्ही होता. भिंतभर मोठा. आधी तो मी पाहिला होता, पण हिशेबात धरला नव्हता. नसरीननं वडिलांना रस्ता रुंद दिसावा म्हणून जोडलेला. माझ्या दुकानात चित्रकार पाटीवर चित्र काढत होता, इथं त्याला आख्खी भिंत रंगवायची होती. दरी उघडली की त्याच्यावर एकदम काम पडायचं आणि त्या क्षणी तो एकदम भरपूर वीज मागायचा. ती त्याला मिळत नव्हती.

का मिळत नव्हती हे बघायला मी कॉम्प्युटरचं झाकण उघडलं. दोन मिनिटंही लागली नाहीत.

कॉम्प्युटरला वीज वाटणारा एक डबा असतो, आम्ही त्याला एसएमपीएस म्हणतो. नव्या कार्डाला वीज घ्यायची दोन तोंडं होती. त्या दोन तोंडांना त्या डब्यातून दोन वेगळ्या वायरी आणायच्या असतात. मी एकच आणली होती. तिच्या टोकाला दोन जोड असतात, ते दोन्ही मीच खुपसले होते. दुसरी वायर मागच्या बाजूला गुंडाळून अडकलेली होती, ती सोडवायला कॉम्प्युटरची मागची पत्र्याची बाजू उघडावी लागली असती. चार स्क्रू. त्या दिवशी चहा गार होत होता. आमच्या शहरात एकाच नळाला दोघांनी मोटर लावली की पाण्याचं काय होतं ते मी कुणाला सांगायला नको. मागणी वाढली की तो डबा स्वतःला वाचवायला सगळंच बंद करत होता. त्याचं बरोबर होतं. बाकी कुणाचंच काही चुकलेलं नव्हतं. ना प्लगचं, ना पेरूच्या झाडाजवळच्या जमिनीचं, ना कुबडीचं.

आता खरं सांगते. माझ्या धंद्यात अशा वेळी बोलायचं एक वाक्य ठरलेलं आहे: "लूज कॉन्टॅक्ट होता, झालं आता." कुणाचा दोष, ते त्या वाक्यात येत नाही. मी ते शेकडो वेळा वापरलंय. त्या दिवशीही ते जिभेवर आलं होतं. नसरीन दारात उभी होती, तिनं माझ्या भरवशावर अंगण खणलं होतं. पण हमीदभाईंचे हात अजून हवेत होते. पुरते खाली आले नव्हते.

मी म्हणाले, "भाई, तुमचे हात चुकले नाहीत. माझे चुकले."

आणि त्यांना वायर दाखवली. काय करायला हवं होतं, काय केलं, का केलं, सगळं. गार होणाऱ्या चहासकट.

त्यांनी ती वायर बोटांत धरून बघितली. मला वाटलं, म्हणतील, जाने दो. ते तसं म्हणाले नाहीत.

"तीन हफ्ते," ते म्हणाले. "तीन हफ्ते मैं ये हातों को देखता बैठा. बच्ची कू चाय देते टाइम भी डर लगता था, गिरेगी करके. और तुम बोलते चार स्क्रू?"

"हौ भाई," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

"डेपो में गाडी बंद पडी तो रिपोर्ट लिखना पडता. कायकू बंद पडी, किसकी गलती. जबानी नै चलता." ते नसरीनकडं वळले. "बेटा, कागज दे इनकू."

नसरीननं शाळेच्या वहीचं पान फाडून दिलं. मी खुर्चीवर बसून शाळकरी पोरीसारखं लिहिलं: गाडी घाटात वारंवार बंद पडत होती. कारण, मेकॅनिकने दोन वायरींच्या जागी एकच वायर जोडली. चालकाची चूक नाही. खाली सही.

हमीदभाईंनी कागद हात लांब करून वाचला. मग परत माझ्याकडं दिला. "वो आखरी लाइन के नीचे लकीर मारो."

मी रेघ मारली. त्यांनी कागदाची घडी करून सदऱ्याच्या वरच्या खिशात ठेवली.

मग मी मागचा पत्रा उघडला आणि दुसरी वायर सोडवून जोडली. गाडी परत पायथ्यापासून निघाली. वळण आलं, कडा सरला, दरी उघडली. गाव, शेतं, तळं, झाडं, सगळं आलं आणि गेलं आणि गाडी चढत राहिली. नसरीननं ओढणीनं डोळे पुसले. हमीदभाईंनी वळून बघितलं नाही. ड्रायव्हरनं बघायचं नसतं. फक्त त्यांचे खांदे खाली आले.

जाताना नसरीन मला फाटकापर्यंत सोडायला आली. ती म्हणाली, "ताई, त्या दिवशी तुम्ही जे बोललात त्याचा मला लई राग आला होता. पण खरं सांगू, मलाही तसंच वाटलं होतं." तिनं हे वडिलांना कधी सांगितलं का, मला माहीत नाही. मी विचारलं नाही.

त्यानंतर दुकान चालू होतं तोवर मी दोन नियम पाळले. मशीन दुरुस्त करायच्या आधी ते वापरणाऱ्या माणसाला वापरताना बघायचं. आणि "लूज कॉन्टॅक्ट" म्हणायचं नाही. दुसऱ्या नियमानं काही गिऱ्हाइकं गेली. स्वतःच्या तोंडानं चूक सांगणाऱ्या मेकॅनिकवर लोकांचा भरवसा बसतो असं म्हणतात, पण सगळ्यांचा बसत नाही.

दुकानाचं सामान हलवत होते त्या शेवटच्या आठवड्यात खालून सारखा हॉर्न ऐकू आला. शहागंजात हॉर्नकडं कुणी लक्ष देत नाही, पण हा थांबेना. गॅलरीतून वाकून बघितलं. खाली स्कूटर उभी होती, मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी एकेक जादा चाक बसवलेली. पुढं हमीदभाई, मागं साळवे.

मी धावत खाली गेले. कापडाच्या गाठोड्यांची गाडी अडून राहिली होती, हमाल शिव्या देत होता, आणि हमीदभाई शांतपणे मला सांगत होते, की लायसन्सची टेस्ट पहिल्या झटक्यात पास झाले, खुलताबादहून घाट उतरून आले, छावणीतून मास्तरला उचललं.

"आणि कॉम्प्युटर?" मी विचारलं.

"उसपे नसरीन बच्चों के मार्का भरती. मेरेकू टाइम किदर है?"

एवढं मोठं कार्ड, दोन स्वतंत्र वायरी, आणि त्याच्यावर तिसरीच्या पोरांचे मार्क! कारागिराच्या जिवाला थोडं लागलं. पण मी म्हणाले, "छान झालं."

"घाटात भीती नाही वाटली?" मी पुढं विचारलं.

"लगी ना!" हमीदभाई म्हणाले. "बहुत लगी. पूरा घाट हात थरथर. कॉम्प्युटर पे कब्भी नै लगी थी."

हे सांगताना ते इतके हसत होते की गाठोडीवाला हमालसुद्धा शिव्या थांबवून बघायला लागला. मागं बसलेले साळवे मात्र हसत नव्हते. त्यांनी दोन्ही हातांनी सीट अजून घट्ट धरून ठेवली होती.